कागद कुणाच्या टेबलावर?

दर रविवारी साडेतीनच्या चहाला मी दादाकडे असते आणि त्याच वेळी इंग्लंडमधल्या रेडिंगहून भाचीचा फोन येतो. उन्हाळ्यात तिकडे सकाळचे अकरा वाजलेले असतात. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचा, वहिनीने आधी पाऊसपाणी आणि जेवणखाण विचारून घ्यायचं, मग बापलेकीचं सुरू. २०२३ च्या जूनपासून ऑगस्टपर्यंत या फोनवर दुसरा विषयच नव्हता. भाची तिथे फ्लॅट घेत होती. मी दोघांच्या मधे बसून ऐकायचे आणि मला दोघांचंही पटायचं, ही माझी अडचण.

दादाची चौतीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. कुठलाही कागद हातात आला की तो शेवटच्या पानापासून वाचतो. आधी सह्या, मग साक्षीदार, मग चतुःसीमा. किंमत सगळ्यात शेवटी. भाची सॉफ्टवेअरमधली. तिच्याकडे प्रत्येक कामाला तारीख असते आणि तारीख हुकली तर ती कुणामुळे हुकली हे सांगावं लागतं.

प्रकरण असं होतं. दोन बेडरूमचा फ्लॅट, किंमत तीन लाख पौंड. साठ हजार पदरचे, त्यातले पंचवीस हजार दादाचे. उरलेले दोन लाख चाळीस हजार कर्ज. कर्ज मंजूर झाल्याचं पत्र फेब्रुवारीत आलं, पाच वर्षं ४.४ टक्के दराने पक्कं, पण ११ ऑगस्टपर्यंतच चालणारं. फेब्रुवारीत बँक ऑफ इंग्लंडचा दर चार टक्के होता. २२ जूनला तो पाच झाला. नवीन अर्ज करणाऱ्याला सहाच्या आसपास कर्ज मिळत होतं.

“महिन्याचा हप्ता १,२०२ पौंड आहे, बाबा. पत्राची मुदत गेली आणि सहा टक्क्यांनी घ्यावं लागलं तर १,४३९. पाच वर्षांत चौदा हजारांचा फरक पडतो.”

“मुदत बँकेच्या कागदाला आहे. घराला नाही.”

“घर राहील हो तिथेच. माझं राहील का, ते बोला.”

दादाला तिथली पद्धत समजायला दोन रविवार लागले आणि समजल्यावर तो हबकला. आपल्याकडे व्यवहार ठरला की इसार जातो, साठेखत नोंदवलं जातं आणि मग बँक पुढे सरकते. इंग्लंडमध्ये भाव ठरतो तो ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे करार होईल तेव्हा खरं. आधी सगळ्या चौकश्या, मग करारांची अदलाबदल. त्या दिवशी साधारण दहा टक्के रक्कम द्यायची आणि आठ-पंधरा दिवसांनी उरलेले पैसे देऊन चावी घ्यायची. अदलाबदल होईपर्यंत घेणारा बांधलेला नाही, विकणाराही नाही. मधेच दुसऱ्या कुणी जास्त भाव दिला तर विकणारा खुशाल तिकडे वळू शकतो. याला तिथे गॅझम्पिंग म्हणतात.

“म्हणजे जानेवारीपासून तू नुसत्या शब्दावर बसली आहेस?” दादा म्हणाला. “इसार नाही, पावती नाही?”

“म्हणूनच तर घाई करतेय. जेवढे दिवस जातील तेवढा धोका.”

“अगं, उलट आहे. तू बांधलेली नाहीस तोवरच तुला प्रश्न विचारता येतात. सही झाली की उत्तरं तू द्यायची.”

मी चहा ओतत होते. पहिला गुण मी मनातल्या मनात दादाला दिला.

मग उशीर नेमका कशाचा, हे भाची सांगायला लागली. तिच्या सॉलिसिटरने स्थानिक कौन्सिलकडे, पाणी-ड्रेनेजच्या कंपनीकडे आणि पर्यावरणाच्या नोंदींत शोध घेतले होते. ते फार जुने होऊन चालत नाहीत. चावी घ्यायच्या दिवशी शोध सहा महिन्यांपेक्षा जुने नसावेत, असा कर्ज देणाऱ्यांचा नियम आहे आणि सॉलिसिटर एकाच वेळी घेणाऱ्याचाही असतो आणि कर्ज देणाऱ्या बँकेचाही. त्यात एक शोध असा, की ऐकून दादा खुर्चीत पुढे सरकला. गावातल्या मध्ययुगीन चर्चच्या दुरुस्तीचा खर्च या घरावर बसतो का, याचा शोध! वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कॅन्टलो गावात एका जोडप्याला शेताबरोबर ही जबाबदारी आली होती. ते भांडत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले.

“म्हणजे आपलं देवस्थान इनाम!” दादा म्हणाला. “सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं, विकणारा सांगत नाही आणि घेणारा बघत नाही.” त्याला एवढं खूश मी त्या महिन्यात एकदाच पाहिलं.

खरा अडकलेला कागद मात्र वेगळाच होता. फ्लॅट लीजवर होता, सव्वाशे वर्षांच्या. जमीन दुसऱ्याच्या मालकीची आणि तिचं भुईभाडं वर्षाला दोनशे पौंड. लीजमध्ये एक ओळ होती, की २०२९ मध्ये हे भाडं दुप्पट होईल. दोनशेचे चारशे, त्यात काय एवढं, असं आपण म्हणू. पण १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यात तेव्हा एक विचित्र फट होती. लंडनबाहेर वर्षाचं भाडं २५० पौंडांच्या वर गेलं, की एवढी लांब लीजसुद्धा साध्या भाडेकरूच्या कायद्याखाली येऊ शकत होती. मग भुईभाडं काही महिने थकलं, तर कोर्टाला घर काढून द्यावं लागलं असतं. तीन लाखांचं घर, शेदोनशे पौंडांच्या थकबाकीसाठी. बँका याला घाबरायच्या.

याला दोन उपाय होते. एक, जमीनमालकाकडून लीज दुरुस्त करून घ्यायची. त्याला महिने लागतात आणि मालक त्याचेही पैसे मागतो. दुसरा, एकरकमी हप्ता भरून विमा घ्यायचा, म्हणजे पुढे नुकसान झालंच तर विमा कंपनी भरून देईल. भाचीला विमा हवा होता. दादाला दुरुस्ती.

“दस्तात दोष आहे आणि तू दोषाचा विमा काढतेस?”

“बाबा, बँकेला चालतोय.”

“बँकेला पाच वर्षं व्याज पाहिजे. राहायचं तुला आहे. उद्या विकायला काढशील तेव्हा पुढचा घेणाराही हीच ओळ वाचणार आहे.”

“पुढचा घेणाराही विमाच घेईल. इथे निम्मी गाडी याच तेलावर चालते. परवानगी न घेता खिडक्या बदलल्या, काढा विमा. फक्त एक करायचं नाही, कौन्सिलला फोन करून विचारायचं नाही. विचारलंत की बरेचदा विमाच मिळत नाही.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं लोकांना ‘कार्यालयात येऊन विचारा’ असं सांगणाऱ्या माणसाला, विचारलं तर बिघडतं हे ऐकवत नव्हतं.

इथे दादाचंही एक खरं आहे आणि ते भाचीनेच त्याला पुरवलं. २०१० च्या आगेमागे इंग्लंडमध्ये बिल्डरांनी कित्येक नवी घरं अशा लीजवर विकली, की भुईभाडं दर दहा वर्षांनी दुप्पट. घेणारे बरेचसे तरुण, पहिलंच घर घेणारे. वकील बिल्डरनेच सुचवलेला, तारीख बिल्डरनेच दिलेली. पुढे ही घरं विकता येईनात, त्यावर कर्ज मिळेना. ओरडा एवढा झाला की ३० जून २०२२ पासून नव्या निवासी लीजवर भुईभाडं घेणंच कायद्याने बंद झालं. भाचीचा फ्लॅट त्याच्या आधीचा, म्हणून जुनीच ओळ तिच्या वाट्याला.

“त्या पोरांनीही हेच म्हटलं असेल,” दादा म्हणाला. “तारीख जाईल, तारीख जाईल. डिसेंबर २०२० मध्ये आमच्याकडे काय झालं? सरकारने मुद्रांक शुल्क पाचाचं दोन टक्के केलं होतं, ३१ तारखेपर्यंत. लोक पहाटेपासून रांगेत. शेवटी सांगावं लागलं, की बाबांनो शुल्क भरून ठेवा, नोंदणीला चार महिने आहेत. कायद्यात ते चार महिने पहिल्यापासून आहेत. पण माणूस गर्दी बघतो आणि धावतो. त्या रांगेत मी अशी माणसं पाहिलीत, ज्यांना आपण कुठल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतोय हे दस्तात बघून सांगावं लागलं.”

हा रविवार दादाचा होता. पुढचा नव्हता.

कारण त्याच जून महिन्यात दादा स्वतः धावत सुटला होता. पंचवीस हजार पौंड म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण सव्वीस लाख रुपये पाठवायचे होते. सात लाखांच्या वरच्या रकमेवर बँक पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापत होती. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने १ जुलैपासून सात लाखांची सूट जाऊन पूर्ण रकमेवर ते वीस टक्के होणार होते. पंचाण्णव हजारांचे पाच लाख वीस हजार. पुढे प्राप्तिकरात वळते होतात, पण तोवर अडकतात. दादा २७ जूनला सकाळी दहाच्या आत बँकेच्या दारात उभा होता. ए-२ फॉर्म दोनदा भरावा लागला, कारण पहिल्यात त्याने पौंडांच्या रकान्यात रुपये लिहिले. दुसऱ्याच दिवशी, २८ जूनला, सरकारने जाहीर केलं की वीस टक्के आता १ ऑक्टोबरपासून.

रविवारी भाची फोनवर हसत होती. “बाबा, घाईत कागद करू नये ना?”

“ती घाई नव्हती. ती मुदत होती.”

“माझीही मुदतच आहे.”

दादा काही बोलला नाही. वहिनीने पोह्यांची बशी पुढे केली.

खरी मजा पुढे आहे. पैसे पोचले, पण सॉलिसिटरला ते आले कुठून हे हवं होतं. काळा पैसा रोखण्याच्या २०१७ च्या नियमांमुळे तिथे हे टळत नाही. ही भेट आहे, कर्ज नाही, घरात माझा हिस्सा नाही, असं पत्र. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. आणि स्टेटमेंटमध्ये मोठी ठेव दिसली म्हणून त्या ठेवीचा उगम. ठेव होती २०१९ मध्ये वाई तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन विकली त्याची. म्हणजे खरेदीखत पाहिजे. खरेदीखत होतं, दादाकडे नसणार तर कुणाकडे? फक्त ते मराठीत होतं.

त्याने स्वतःच भाषांतराला बसायचं ठरवलं. रात्री जेवण झाल्यावर टेबलावर दिवा, शब्दकोश आणि चष्म्याचे दोन जोड. ‘चतुःसीमा’ जमली. ‘तदंगभूत वस्तूंसह’ कशीबशी बसवली. ‘तुम्ही पुत्रपौत्रादी वंशपरंपरा सुखाने उपभोग घ्यावा’ इथे तो दोन दिवस अडला, कारण इंग्रजीत ते कायद्याचं वाटेना, आशीर्वादाचं वाटायला लागलं. शेवटी सात पानं पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं. भाषांतर उत्तम दिसतं, पण ते प्रमाणित भाषांतरकाराचं हवं. पैसे देणाऱ्याने स्वतःच्याच कागदाचं केलेलं चालणार नाही.

दादाला ते लागलं. पण नियम त्याच्या लगेच लक्षात आला. स्वतःच्या दस्तावर त्याने तरी कुणाला साक्षीदार होऊ दिलं असतं?

९ जुलैच्या रविवारी भाची चिडून आली होती. सॉलिसिटर ईमेलला उत्तर देत नाही, मी रोज फोन करणार, तक्रार करणार. तक्रार म्हणताच दादाचे कान टवकारले. अर्ज, आवक क्रमांक, पोच हा त्याचा प्रांत. पण तिथे तक्रार आधी त्या फर्मकडेच लेखी करावी लागते, तिला आठ आठवडे द्यावे लागतात आणि मग लीगल ओम्बड्समनकडे जाता येतं. “आठ आठवड्यांनी न्याय मिळेल, बाबा. फ्लॅट नाही मिळणार.”

तेव्हा दादा म्हणाला, “फोन नको करूस. टिपण कर. कागद कोणता, आत्ता कुणाच्या टेबलावर आहे, कधीपासून आहे. तीन रकाने. आमच्याकडे साहेबांपुढे फाइल जायची ती अशीच.”

तिने तिथल्या तिथे लॅपटॉपवर तीन रकाने काढले आणि तो सांगत गेला. मला वाटतं, त्या तीन महिन्यांतली सगळ्यात उपयोगाची पंधरा मिनिटं हीच. तोवर सगळा उशीर ‘सॉलिसिटर’ या एका शब्दाखाली जमा होता. रकाने भरायला घेतल्यावर कळलं की इमारतीच्या व्यवस्थापनाचे जे कागद सात आठवडे येत नव्हते, त्यांची फी विकणाऱ्याने भरायची असते आणि त्याने ती पहिले तीन आठवडे भरलीच नव्हती. त्यात सॉलिसिटरचा काहीच दोष नव्हता. भुईभाड्याच्या विम्याला बँकेची संमती मागायची होती, पण ते पत्र खरोखरच सॉलिसिटरच्या टेबलावर बारा दिवस पडून होतं. आणि शेवटची ओळ दादाने स्वतः सांगितली: खरेदीखताचं भाषांतर, बाबा, अकरा दिवस.

टिपण सोमवारी तिघांना गेलं. तिच्या सॉलिसिटरला, कर्जाच्या ब्रोकरला आणि विकणाऱ्याच्या इस्टेट एजंटला. एजंटला घालायची कल्पना भाचीची. त्याला कमिशन व्यवहार पुरा झाल्यावरच मिळतं, त्यामुळे विकणाऱ्याच्या मागे लागायला त्याच्याइतका उत्साही माणूस दुसरा नसतो. दादाला हे आधी पटलं नाही. एजंट या जमातीबद्दल त्याची मतं मी इथे लिहीत नाही. पण उरलेले कागद त्याच आठवड्यात आले.

ब्रोकरने दोन गोष्टी सांगितल्या. मुदतवाढ मागता येते, पण बँक पगाराच्या नव्या पावत्या मागेल आणि जुना दर ठेवेलच असं नाही. म्हणून वाढ आत्ताच मागून ठेवा, शेवटच्या आठवड्यात नको. आणि ११ ऑगस्ट ही खरी तारीख धरू नका. सॉलिसिटरने बँकेकडे पैसे मागायला साधारण पाच कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. म्हणजे सगळं ४ तारखेला हातात पाहिजे.

“मुदतीच्या आतली मुदत,” दादा म्हणाला. आता तो भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करत होता.

जुलैच्या शेवटी पुन्हा भांडण झालं, आणि मोठं. विकणारा म्हणाला, करारांची अदलाबदल लगेच करू, चावी मात्र १८ ऑगस्टला देतो, मला माझं नवं घर तेव्हाच मिळतंय. भाची तयार झाली. एकदा अदलाबदल झाली की तो दुसरीकडे जाऊ शकत नाही. मुदतवाढ काय, येईलच.

“येईलच म्हणजे आलेली नाही,” दादाचा आवाज चढला. “सही केलीस आणि ११ तारखेला कर्जाचं पत्र मेलं तर १८ ला पैसे कुठून देणार? तुझे तीस हजार पौंड त्याच्याकडे. पुढे काय?”

पुढे विकणारा नोटीस देतो, दहा कामाचे दिवस मिळतात आणि तरी पैसे आले नाहीत तर ती दहा टक्के रक्कम जाते. त्यात दादाचे पंचवीस हजार होते, हे त्याने बोलून दाखवलं नाही. भाचीने फोन ठेवला. दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या सॉलिसिटरचा ईमेल तिने दादाला पाठवला, नुसताच, वर काही न लिहिता. त्यात तेच होतं: कर्जाच्या मुदतीबाहेरच्या तारखेवर मी अदलाबदल करणार नाही.

मग विकणारा एक आठवडा बहिणीकडे राहायला तयार झाला. विम्याला बँकेची संमती आली. लीज दुरुस्त झालीच नाही. तिथे भाचीचं खरं झालं, तारखेच्या बाबतीत दादाचं. २ ऑगस्टला अदलाबदल झाली. ३ तारखेला बँक ऑफ इंग्लंडने दर ५.२५ केला. ९ तारखेला, बुधवारी, तिला चावी मिळाली. मुदतवाढीचं उत्तर त्यानंतर दोन दिवसांनी आलं.

२०२५ मध्ये इंग्लंडमध्ये भाडेकरूंसाठी नवा कायदा झाला. त्याने एकवीस वर्षांपेक्षा मोठ्या लीज त्या जुन्या कचाट्यातून सोडवल्या. ज्या ओळीवरून बापलेकीने अख्खा उन्हाळा काढला, तिला आता दात राहिलेले नाहीत. विम्याचा हप्ता मात्र परत मिळत नाही. दादाने विचारून पाहिलं.